किती टाकू?

जूनमधली गोष्ट. प्रवेशांचे दिवस होते आणि तालुक्याच्या सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पार दारापर्यंत रांग होती. माझ्या पुढे एक बाई, सोबत दहावी झालेली पोरगी. ऑपरेटरनं आधार पाहिलं, रेशनकार्ड पाहिलं, तलाठ्याचा कागद उलटा करून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, “मावशी, उत्पन्न किती टाकू?”

बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “योजनेत बसेल एवढं टाका.”

पोरगी भिंतीवरचं दरपत्रक वाचायला लागली. रांगेत कुणी हसलं नाही, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. माझाही आकडा मी घरून ठरवूनच आलो होतो. (तलाठ्याचं पदनाम २०२४ साली ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. रांगेत अजून सगळे तलाठीच म्हणतात.)

त्या बाईंना खोटारडं ठरवण्याआधी एक हिशेब करून बघा. अन्नसुरक्षा कायद्याखाली आपल्या राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त धान्याच्या यादीत बसणाऱ्यासाठी, वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ठरली ती ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. कायदा २०१३ चा, राज्यात अंमल २०१४ च्या फेब्रुवारीपासून. आता रोजगार हमीची २०२५-२६ सालची महाराष्ट्रातली मजुरी घ्या, दिवसाला ३१२ रुपये. या दरानं वर्षाला १४२ दिवस काम मिळालेला एकटा मजूर ४४ हजारांच्या पुढे जातो. नवरा-बायको दोघं खपले तर ७१ दिवसांत. म्हणजे सरकार स्वतः रोजगार हमीवर जो दर देतं, त्याच दरानं पाचेक महिने राबलं की सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या लेखी तो माणूस स्वस्त धान्याच्या गरजेबाहेर. अशा नियमाखाली खरा आकडा सांगणारा एक तर भोळा, नाही तर खरोखरच श्रीमंत. मधल्या सगळ्यांना ऑपरेटर विचारतो, किती टाकू.

वर्ग मोजायची आपली साधनं गेल्या पिढीच्या अर्थव्यवस्थेवर बेतलेली आहेत. पैसा किती येतो आणि घरात वस्तू काय आहेत, एवढंच ती विचारतात. मिळकत थांबली तर हे घर किती दिवस उभं राहील, हे कुठलाच फॉर्म विचारत नाही. माझ्या मते वर्ग म्हणजे मुख्यतः तेच.

शिधापत्रिकेचे तीन रंग घ्या. १ मे १९९९ पासून राज्यात पिवळं, केशरी आणि पांढरं कार्ड आलं. पिवळ्यासाठी वर्षाचं उत्पन्न १५ हजारांच्या आत, केशरीसाठी एक लाखापर्यंत, त्यावर पांढरं. पिवळ्याच्या अटी आज वाचल्या की जुना अल्बम उघडल्यासारखं वाटतं. घरात कुणी डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, सनदी लेखापाल नको. व्यवसाय कर, विक्रीकर, आयकर भरणारं कुणी नको. चारचाकी नको. आणि घरी टेलिफोन नको. १९९९ साली यात काही वावगं नव्हतं. फोनसाठी नंबर लावून वाट बघावी लागे, गल्लीत एकाच घरी फोन असे आणि ‘पीपी नंबर’ म्हणून तो दहा घरांच्या लग्नपत्रिकांवर छापला जाई. फोन असणं म्हणजे खरंच वरचा थर. पण निकष लिहिणाऱ्यानं त्या वर्षाचा फोटो काढला आणि फ्रेम करून टांगला. त्यातले १५ हजार तर आज रोजगार हमीच्या दरानं एकोणपन्नासाव्या दिवशी ओलांडले जातात.

असाच घोळ २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय गणनेत झाला. ग्रामीण भागात दुचाकी असली, फ्रीज असला, लँडलाइन असला की घर आपोआप यादीबाहेर. पुढे गावोगाव लँडलाइनच्या तारा काढून नेल्या, पण निकषात तो होताच. अखेर २०२४ साली ग्रामीण आवास योजनेच्या नव्या पाहणीसाठी दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन या अटी वगळल्या आणि महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार केली. तेरा वर्षं गेली. तेवढ्या काळात जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरगी पदवीधर होते.

दुचाकीचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. एकेकाळी मोटरसायकल म्हणजे हौस. आज एमआयडीसीत बारा तासांची पाळी करणाऱ्या कंत्राटी पोराला ती नसेल तर कामच नाही, कारण शेवटची एसटी सात वाजता जाते. डिलिव्हरीवाल्याचं तर ते हत्यारच. हप्त्यावर घेतलेली गाडी ही त्याच्या श्रीमंतीची खूण म्हणायची की त्याच्या डोक्यावरच्या कर्जाची? वस्तू मोजणारा तराजू हे सांगू शकत नाही. त्याला गाडी दिसते, हप्ता दिसत नाही.

यात सरकारपेक्षा बाजार हुशार निघाला, हे मान्य करावं लागेल. साबण-शाम्पू विकणाऱ्यांना वर्ग ओळखायची गरज सरकारपेक्षा जास्त, कारण त्यांचा पैसा त्यात गुंतलेला. १९८८ च्या सुमाराला बाजारपाहणीवाल्यांनी शहरी घरांची प्रतवारी केली, ती मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि व्यवसाय पाहून. २०११ साली व्यवसाय काढला आणि वस्तू आणल्या. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, कार, एसी आणि शेतजमीन अशा अकरांपैकी घरात किती आहेत ते मोजायचं आणि ए-वन ते ई-थ्री असे बारा थर पाडायचे. दहा-बारा वर्षांत लक्षात आलं की पंखा-टीव्ही-गॅस सगळ्यांकडेच आला आणि अर्धा देश वरच्या थरांत सरकलेला दिसू लागला. मग आताच्या नव्या प्रतवारीत त्यांनी वस्तू काढूनच टाकल्या. मुख्य कमावत्याचा व्यवसाय, घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं शिक्षण आणि सर्वांत शिकलेल्या बाईचं शिक्षण, एवढंच धरतात. शाम्पूच्या पुडीसाठी जे दोनदा बदललं, ते धान्यासाठी एकदा धड बदलायला आपल्याला जमलेलं नाही.

दारिद्र्यरेषेचा इतिहास आपल्या घरचा आहे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० उष्मांकांचा आधार घेऊन हिशेब मांडला. १९६०-६१ च्या किमतींनुसार गावात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. तो हिशेब पोटाचा होता आणि त्या काळाला तो शोभून दिसत होता, कारण लोक खरोखर अन्नावाचून होते. पुढे २००९ साली सुरेश तेंडुलकरांच्या समितीनं उष्मांकांचा खुंटा सोडला आणि आरोग्य-शिक्षणाचा खर्च धरला. त्यावरून निघालेले शहरात दिवसाला ३२ आणि गावात २६ रुपये २०११ साली सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा देशभर टिंगल झाली. टिंगल आकड्याची झाली. पद्धतीतली मोठी गोम तशीच राहिली, ती अशी की ही सगळी मोजणी खर्चाची आहे.

समजा एका घरात सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. खासगी दवाखान्यात दोन लाख लागले. एक लाख पतसंस्थेचं कर्ज, पन्नास हजार मेहुण्यांकडून उसने, बाकीसाठी म्हैस विकली. त्या वर्षी पाहणीवाला आला तर त्याच्या वहीत या घराचा दरमाणशी खर्च वाढलेला दिसेल आणि घर वरच्या पायरीवर जाऊन बसेल. ज्या वर्षी घर खचलं, त्याच वर्षी ते कागदावर सुधारलं. पूर्वी माणूस भुकेनं खाली जायचा, आता दवाखान्यानं जातो. खर्चाच्या पाहण्यांतही हा बदल दिसतो. ग्रामीण भारतात १९९९-२००० साली घरखर्चातले सुमारे ५९ टक्के अन्नावर जात. २०२२-२३ च्या पाहणीत ते ४६ टक्क्यांवर आले. उरलेला पैसा पेट्रोल, रिचार्ज, फी, औषधं असा वाटला गेला. पोट भरलेलं दिसतं, पण मोजायचं ते आता पोटात नाही.

आपली भाषा या बाबतीत अर्थशास्त्राच्या पुढे आहे, असं मला वाटतं. ‘त्याचं हातावर पोट आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात उत्पन्नाचा आकडा नसतो, वस्तूंची यादीही नसते. असतं ते अंतर, मिळवणं आणि खाणं यांमधलं. आजची मजुरी आज संध्याकाळी चुलीत गेली. त्याच्या वर ‘महिन्याचं महिन्याला भागतं’. त्याच्या वर ‘खाऊनपिऊन सुखी’, म्हणजे एखादं आजारपण, एखादं लग्न निभावेल. मग ‘सुखवस्तू’, आणि ‘बसून खाल्लं तरी सात पिढ्या’. सगळी मापं वेळेची आहेत. दिवस, महिना, वर्ष, पिढी. आमच्या आजीला राष्ट्रीय नमुना पाहणी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण ‘त्या घराला पावसाळा निघायचा नाही’ एवढं ती चूल बघून सांगायची.

माझे मामा परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले आणि पुढे कायम झाले. कायम झाल्याचं पत्र गावी आलं त्या आठवड्यात तीन स्थळं सांगून आली, असं आई सांगायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा गिरणगावातले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आता असं समजा की त्याच वर्षी मार्चमध्ये एखादा पाहणीवाला मामांच्या खोलीवर आला असता. त्याला काय दिसलं असतं? पितळी भांड्यांची मांडणी, रेडिओ, भिंतीवर घड्याळ, मामीच्या हातात पाटल्या. डिसेंबर ८१ मध्ये जे होतं तेच. वस्तूंच्या तराजूत मामांचा वर्ग एका तोळ्यानंही हललेला नव्हता. खरं म्हणजे तो १८ जानेवारीलाच गेला होता. वस्तू मागाहून गेल्या. आधी पाटल्या, मग रेडिओ, भांडी सगळ्यांत शेवटी, कारण पाहुणे आले की मांडणी दिसते.

आणि त्या वर्षात गिरणगावाचे दोन भाग पडले. ज्यांची गावाकडे दोन एकर का होईना शेती होती ते साताऱ्याला, कोकणात, घाटावर निघून गेले आणि तिथून ज्वारी-तांदळाची पोती मुंबईला यायला लागली. ज्यांना गावाकडे काही नव्हतं त्यांनी फेरीची पाटी उचलली किंवा मिळेल तिथं हमाली केली. कालपर्यंत एकाच खात्यात, एकाच पगारावर, शेजारच्या साच्यावर उभे असलेले हे दोघे. पगारपत्रकानं त्यांचा वर्ग एकच सांगितला असता. मामा निभावले, कारण गावी आजोबा होते. शेजारच्या साच्यावरचे निभावले नाहीत.

गिरणीच्या जागेवर मॉल आणि मॉलच्या दारात गिरणी कामगाराचा मुलगा वॉचमन, हे चित्र आता इतकं वापरून झालंय की मी ते पुन्हा काढत नाही. त्यापेक्षा वरळीला जाऊ. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांत पिढ्या गेल्या. त्यांतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आनंदच आहे. आता विचारा, १५ ऑगस्टच्या सकाळी या कुटुंबांचा वर्ग कोणता? मालमत्तेच्या भावानं बघाल तर दक्षिण-मध्य मुंबईतला मालकीचा फ्लॅट, कोट्यवधींचा. मिळकतीनं बघाल तर तीच कुरिअरची नोकरी, तोच पोळी-भाजीचा घरगुती धंदा, तीच आईची अर्धवट पेन्शन. त्यांचा वर्ग बदलला नाही असं म्हणणं चूक आहे. छप्पर स्वतःचं असणं ही तग धरण्यातली फार मोठी गोष्ट आहे, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला विचारा. पण त्यांचा वर्ग करोडपतीचाही झालेला नाही. पुनर्विकास झालेल्या कितीतरी इमारतींत मूळ रहिवासी देखभालखर्चाच्या दमछाकीनं घर भाड्यानं देऊन विरार-बदलापूरला गेलेले आहेत. घर वर चढलं आणि माणूस लोकलनं दोन तास लांब गेला.

मोजणीचा सगळ्यांत कठोर आणि सगळ्यांत अचूक तराजू मात्र लग्नाच्या बाजारात आहे. मला तो आवडत नाही, पण त्याची अचूकता नाकारता येत नाही. तिथं पहिला प्रश्न ‘पगार किती’ हा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘पर्मनंट आहे का?’ चाळीस हजार कमावणाऱ्या कंत्राटी इंजिनिअरपेक्षा तीस हजारांचा पोलिस शिपाई सरस ठरतो. आठ एकर बागायत असलेल्या मुलाला मुलगी मिळेना आणि गावातल्या शिपायाच्या दारात पाहुण्यांची रीघ. ‘उत्तम शेती, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण उलटी झाली, असं आपण दर वेळी म्हणतो. माझ्या मते ती उलटी झालेली नाही. ज्यानं ती रचली त्याला खात्रीचं काय आणि बेभरवशाचं काय एवढंच सांगायचं होतं आणि त्या काळात खात्री जमिनीत होती. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी वहितीखातं ४.२८ हेक्टरचं होतं, २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आलं. खात्री तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेली. वर भाव सरकारच्या हातात. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाशिककडचा लाल कांदा बाजारात येत होता. बंदी उठायला मे उजाडला. त्या पाच महिन्यांत किती घरांचा वर्ग बदलला हे कुठल्या पाहणीत आलेलं नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यातले सरकारी कर्मचारी संपावर गेले तेव्हा गावागावांत त्यांच्यावर चिडणारे पुष्कळ होते. यांना एवढा पगार, वर पेन्शन कशाला? चीड समजण्यासारखी आहे. पण त्या संपाच्या मुळाशी वर्गाचाच मुद्दा होता. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला आणि नंतर लागलेला असे दोन कारकून एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसतात. काम एक, वेतनश्रेणी एक, डबा एकत्र खातात. निवृत्तीनंतर एकाला ठरलेली रक्कम, दुसऱ्याची रक्कम तेव्हा बाजारावर होती. दुसऱ्याला ते दिसत होतं म्हणून तो रस्त्यावर आला. ज्यांना तेही कधी मिळणार नाही, त्यांचा राग खरा म्हणजे त्याच्यावर नसून स्वतःच्या उघड्या छपरावर होता. देशात रोजगारात असलेल्यांपैकी नियमित पगारावर साधारण पाचातला एकच आहे. २०२३-२४ च्या श्रमबळ पाहणीत हे प्रमाण २१.७ टक्के होतं आणि स्वयंरोजगारवाले ५८.४ टक्के. ‘स्वयंरोजगार’ या भारदस्त शब्दाखाली वडापावची गाडी, रिक्षा आणि भावाच्या शेतात राबणारी वहिनी सगळी येतात.

आरक्षणातल्या आठ लाखांच्या मर्यादेबद्दल थोडक्यात सांगून टाकतो, नाहीतर चीड आवरणार नाही. ओबीसींसाठी उन्नत गटाची (क्रीमी लेयरची) मर्यादा २०१७ पासून आठ लाख. आर्थिक दुर्बल घटकांसाठी २०१९ पासूनची मर्यादाही आठ लाख. आकडा एकच, अर्थ दोन. पहिल्यात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, सरकारी क वर्गातल्या आई-बापाचा पगारही त्यात येत नाही आणि सलग तीन वर्षं बघतात. दुसऱ्यात पगार, शेती, धंदा सगळं धरतात आणि एकच वर्ष बघतात. पहिला मापतो तो मागासलेपणातून कोण बाहेर आलं हे, दुसरा मापतो कोण गरीब आहे हे. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच थर्मामीटर. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत एकट्या माणसाला आयकर शून्य. इकडे घराचं मिळून साडेआठ लाख असेल तर तुम्ही दुर्बल नाही, तिकडे एकट्याचे बारा लाख असले तरी कर भरण्याइतके सबळ नाही. बरं, हे आठ लाखही २०१७ चे. तेव्हापासून महागाई थांबलेली आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं भाजी आणायला जावं.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझाच होता. तग धरायची ताकद मोजणार कशी? सोनं कुणी दाखवत नाही, उसनवारी कुणी सांगत नाही. मोटरसायकल निदान अंगणात दिसते. आणि ‘किती महिने निभावेल’ असं विचारलं तर त्याचंही उत्तर ‘योजनेत बसेल एवढं’ असंच येईल.

खरं आहे. पण सरळ विचारायची गरजच नाही. २०११ च्या त्याच गणनेत, ज्या गणनेच्या फ्रीज-फोनची मी वर थट्टा केली, वंचिततेचे सात निकष होते. त्यांतले पाच बघा. घरात सोळा ते एकोणसाठ वयाचं कुणी नाही. बाई कुटुंबप्रमुख आहे आणि कर्ता पुरुष नाही. अपंग व्यक्ती आहे आणि धडधाकट माणूस नाही. पंचविशीपुढचं साक्षर कुणी नाही. भूमिहीन आहे आणि मजुरीवरच मुख्य भिस्त. हे निकष रुपयांत नाहीत. ते विचारतात की या घराला टेकायला काय आहे. गावात ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, दाखला लागत नाही, खोटं बोलायला फारसा वाव नाही. आयुष्मान भारतची ग्रामीण यादी मुख्यतः याच निकषांवर उभी राहिली. म्हणजे तग मोजता येतो. आपण एकदा मोजलाही आहे. नंतर ती यादी गोठली. २०११ साली धडधाकट असलेला बाप पुढे करोनात गेला असेल, तर यादीत तो अजून राबतोय.

त्यात भर घालायची तर तीन-चार गोष्टींची. घरात कुणाचा तरी भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का? छप्पर स्वतःचं की भाड्याचं? पाच जणांच्या पोटाला कमावते हात किती, एक की दोन? या सगळ्या गोष्टी नोंदीत सापडतात, निम्म्या तर सरकारकडेच आहेत. आणि ज्या मर्यादा रुपयांतच ठेवायच्या त्या महागाई निर्देशांकाला बांधून टाकाव्यात, जसा कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता बांधलेला आहे. भत्ता वर्षातून दोनदा आपोआप हलतो आणि ४४ हजार दशकभर ढिम्म, याला कुठलंही अर्थशास्त्रीय कारण नाही. भत्तेवाल्यांची संघटना आहे, पिवळ्या कार्डवाल्यांची नाही.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत हे सगळं उघडं पडलं होतं. मे २०२० मध्ये राज्य सरकारला योजनेबाहेरच्या केशरी कार्डवाल्यांनाही गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोनं द्यावा लागला. ड्रायव्हर, शिंपी, मांडववाले, क्लासवाले सर. कागदावर सगळे रेषेच्या वर. दोन महिन्यांत रांगेत. तीच खरी पाहणी होती आणि ती कुणी लिहून ठेवली नाही. आता २०२७ ची जनगणना येते आहे. २०११ च्या घरयादीत रेडिओ, टीव्ही, संगणक, फोन, सायकल, स्कूटर, कार विचारली होती. घरातल्या वस्तू याही खेपेच्या प्रश्नांत आहेतच.

मी माझ्यापुरता प्रश्न ओळखीच्या काही घरांत विचारून पाहिला. मिळकत उद्या थांबली तर किती महिने? समोरच्या बिल्डिंगमधल्या, दोघंही आयटीत असलेल्या जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं. “हप्ता धरून? दोन. बोनस आला तर तीन.” निवृत्त गुरुजी हसले आणि म्हणाले, “आमची थांबतेय कुठं!” भांड्यांना येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “आठ दिवस. मग तुम्हीच उचल देता की.” नाशिककडच्या आतेभावाला फोन केला. त्याची द्राक्षबाग आहे, दारात बोलेरो आहे, सोसायटीचं कर्जही आहे. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “महिने काय विचारतोस? आमच्याकडं हंगाम मोजतात. एक गेला तर चालतो. दोन गेले की बोलेरो. तीन गेले की मग रान.”

“आणि दाखल्यावर किती टाकलंय?” मी विचारलं.

“एकवीस हजार,” तो म्हणाला. “तलाठी म्हणाला, सगळ्यांचं तेवढंच आहे.”